तासभर ऊन

"मला एवढंच सांगा आई, त्या पोरीला उन्हाचं सांगितलं होतं का नव्हतं?"

"काय मघापासून ऊन-ऊन लावलंयस! मे महिना आहे, जळगाव आहे. इथं ऊन काय कुणाला सांगावं लागतं?"

"विषय बदलू नका."

"मी कुठं बदलते? तूच धुणं वाळत घालायचं सोडून माझी उलटतपासणी घ्यायला बसलीस."

कामिनीनं हातातली परात ओट्यावर ठेवली. ठेवली म्हणजे आदळलीच. परातीवर जुन्या धोतराचं पातळ फडकं होतं, आणि फडक्याखाली दाण्याचं कूट आणि कुस्करलेला गूळ. अकराच्या सुमाराला धुणं घेऊन ती गच्चीवर गेली, तेव्हा ही परात पाण्याच्या टाकीशेजारी ऐन उन्हात बसलेली होती. कामिनीनं सहज कडेला हात लावला आणि तिच्या बोटांना चटका बसला. त्या चटक्यासरशी तिला सगळं कळलं. लग्नानंतरच्या नऊ वर्षांचं.

"ही परात गच्चीवर काय करत होती?"

"हितेंद्र शनिवारी येतोय भुसावळहून. नवऱ्याला लाडू नकोत का तुझ्या?"

"लाडू काय गच्चीवर वळतात?"

"अगं, गूळ जरा मऊ पडावा म्हणून..." सुनंदाबाईंनी जीभ चावली, पण वाक्य तोंडाबाहेर पडून गेलं होतं.

"मऊ पडावा म्हणून!" कामिनीनं मोबाइल काढला. "आता ऐका. पोरांच्या वर्गाच्या ग्रुपसाठी तुम्ही सांगत होतात आणि मी शेजारी बसून टाइप करत होते. 'दोन वाट्या भाजलेले दाणे खलबत्त्यात कुटणे. एक वाटी गूळ हाताने कुस्करणे. दोन्ही मळून लाडू वळणे.' यात ऊन कुठंय? दाखवा मला."

"राहिलं असेल."

"माझ्याही वेळी राहिलं? मी बिचारी गॅसवर पाक करते, माझे लाडू दगड होतात, आणि तुम्ही पाहुण्यांपुढं म्हणता, कामिनीचा लाडू फोडायला सुतार बोलवा! माझं जाऊ द्या. मी मोठी बाई, हसून सोडते. ती अकरा वर्षांची आहे, आई. काल तिचं तोंड पाहिलंत तुम्ही?"

सुनंदाबाईंनी पाहिलं होतं. म्हणून तर त्या सकाळपासून कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हत्या.

पिंप्राळ्यातल्या त्या कॉलनीत सुनंदाबाईंना ओळखत नाही असं घर नव्हतं. यजमान जीवराम भुसावळजवळच्या वीज केंद्रात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथं घर बांधलं आणि चारच वर्षांत ते गेले. मागं राहिला बाईंचा हात. कुणाच्या घरी साखरपुडा असो की डोहाळजेवण, शेवभाजीचा रस्सा उकळी फुटण्याआधी सुनंदाकाकूंनी चाखलाच पाहिजे. काकू पळी तळहातावर टेकवायच्या, जीभ लावायच्या, डोळे मिटायच्या. सगळं स्वयंपाकघर तेवढ्यापुरतं श्वास रोखून उभं. मग डोळे उघडून म्हणायच्या, "चांगलं झालंय. जरा अजून..." आणि स्वतःच्या डब्यातलं काहीतरी चिमूटभर टाकायच्या.

काय टाकलं ते कुणाला दिसायचं नाही. कुणी विचारलं तर काकू आनंदानं सांगायच्या. समोरच्या सुलक्षणाला शेवभाजीचा मसाला त्यांनी तीनदा सांगितला असेल. खोबरं सांगितलं, धणे सांगितले, दगडफूलसुद्धा सांगितलं. फक्त कांदा अख्खा, सालीसकट विस्तवावर काळा होईस्तोवर भाजायचा, हे तिन्ही वेळा सांगितलं नाही. सुलक्षणा म्हणायची, "काकू, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं हो, पण तुमच्या हाताची चव काही येत नाही." काकू तिच्या पाठीवर हात ठेवायच्या. "येईल गं."

यात आपण कुणाचं काही वाईट करतो, असं त्यांना कधी वाटलं नाही. सगळ्याच जणी एक काहीतरी मागं ठेवतात. त्यांची सासू ठेवायची.

सासूचं नाव बेबाबाई. यावलकडचं केळीचं गाव, धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर. सुनंदा एकोणिसाव्या वर्षी तिथं नांदायला आली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात नणंदेला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिला दाण्याचे लाडू करायला बसवलं. सासूनं सांगितलं तसं तिनं केलं. ताट पाहुण्यांपुढं गेलं आणि पहिल्यानंच लाडू उचलला, तर त्याच्या चिमटीत कानाच्या पाळीएवढा तुकडा आणि बाकी सगळं मांडीवर. मामेसासरे म्हणाले, "सूनबाईनं लाडू नाही वाढले, रांगोळी घातली!" ओसरीवर हशा उसळला. बेबाबाई दारातून म्हणाल्या, "राहू दे वं. कोनाकोनाच्या हातातच नसतं."

ते वाक्य सुनंदाच्या अंगाला गोंदल्यासारखं बसलं. पीठ मळताना वाटायचं, आपल्या हातात नाही. वरण फोडणीला टाकताना वाटायचं, आपल्या हातात नाही. अकरा वर्षं. बाराव्या उन्हाळ्यात धाब्यावर पापड राखायला ती बसली होती. पापडांच्या ओळीच्या पलीकडं, कोपऱ्यात, फडक्याखाली एक परात होती. पाखरांनी काही टाकलं का म्हणून तिनं फडकं उचललं. आत कूट आणि गूळ. गूळ घामेजून कुटाला चिकटलेला. तिनं मूठ दाबली आणि उघडली, तर तळहातावर लाडू.

त्या दिवशी ती धाब्यावर रडली. मग तिनं डोळे पुसले, फडकं होतं तसं घातलं आणि खाली येऊन सासूला काही म्हणून बोलली नाही. आता तिच्याकडंही एक गोष्ट आली होती.

हे सगळं सुनंदाबाईंना काल रात्रीपासून आठवत होतं, आणि आठवायला नको होतं.

सुट्टीतल्या वर्गाची कल्पना कामिनीची. कॉलनीतली पोरं दिवसभर कूलरपुढं मोबाइल घेऊन पडतात, तर आई, तुम्ही दर रविवारी त्यांना सोपे पदार्थ शिकवा. बाईंना कोण हौस! पोर्चमध्ये सतरंजी घातली, तेरा पोरं जमली. पहिल्याच दिवशी त्यांनी कंबरेवर हात ठेवून नियम सांगितले.

"गॅस पेटवायचा नाही. विळीला हात लावायचा नाही. आणि घरी करताना आईला हाक मारायची नाही."

"मग हात तरी वापरायचे का आजी?" एकानं विचारलं.

"हातच वापरायचे रे गुलामा."

मुरमुऱ्यांचा भत्ता झाला. कांदा बुक्कीनं फोडायचा म्हटल्यावर पोरांनी नुसता धुमाकूळ घातला, एक कांदा गडगडत थेट रस्त्यावर गेला. शिकरण झालं, दही-पोहे झाले, कैरीचा तक्कू झाला. आणि या सगळ्यात पहिल्या रांगेत, मांडीवर वही घेऊन, रोशनी.

रोशनी कॉलनीतली नव्हे. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातली. बाप रोहिदास साक्रीकडच्या खेड्यातून चार वर्षांपूर्वी आला आणि रिक्षा चालवू लागला. आई रत्ना डाळ मिलमध्ये जाते, सकाळी आठला गेली की संध्याकाळी सातला येते. पहिल्या रविवारी पोरगी फाटकाशी उभी राहून विचारत होती, "मी येऊ?" बाईंनीच तिला आत घेतलं. आणि तेव्हापासून तिनं त्यांना भंडावून सोडलं होतं.

"आजी, चिमूट म्हणजे किती बोटांची? दोन की तीन?"

"तीन."

"तुमच्या की माझ्या?"

सगळी पोरं हसायची. रोशनी मात्र खाली मान घालून लिहायची.

लाडवांच्या दिवशी बाईंनी कूट-गूळ आधीच कालवून ठेवला होता. वेळ वाचावा म्हणून, असं त्यांनी पोरांना सांगितलं. नऊपासून दहापर्यंत परात गच्चीवर होती. वर्ग सुरू व्हायच्या आत त्यांनी ती मागच्या जिन्यानं खाली आणली. पोरांनी लाडू वळले, एक फुटला नाही. रोशनीनं परातीत हात घातला आणि थबकली.

"आजी, हे कोमट का लागतंय?"

तेरा पोरांत ते एकटीच्याच हाताला कळलं होतं. कुणी शिकवणारी असती तर तिनं त्या पोरीला पोटाशी धरलं असतं. सुनंदाबाई म्हणाल्या, "उन्हाळा आहे गं, सगळंच कोमट." आणि रोशनीनं ते लिहून घेतलं.

काल शेवटचा रविवार. मारुतीच्या मंदिराच्या मंडपात पालकांना बोलावलं होतं, प्रत्येकानं घरी स्वतः करून आणलेले लाडू घेऊन यायचे. बारा डबे उघडले. बारांत गोल गरगरीत, तुळतुळीत लाडू. काहींना तर तुपाचा वास येत होता, एकावर बदामाचा काप होता. नियम क्रमांक तीन बारा घरांत मोडलेला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तेरावा डबा रोशनीचा. तिनं झाकण काढलं आणि आत भुगा होता. कडेला एक अर्धा लाडू कसाबसा तग धरून होता, तोही डबा कलला तसा बसला.

"हे काय गं, भुरकायला आणलंस?" सुलक्षणा म्हणाली, वाईट मनानं नव्हे, सवयीनं. मंडपात हसू पसरलं.

"आजींनी सांगितलं तसंच केलं," रोशनी म्हणाली. "कुणाला हाक नाही मारली. बठ्ठा भुगा व्हई गया, सगळाच." घाबरली की तिच्या तोंडात घरचीच बोली येई.

सगळ्यांनी काकूंकडं पाहिलं. आणि काकूंच्या तोंडून, चाळीस वर्षं गिळून ठेवलेलं असावं तसं ते वाक्य आलं. "असू दे गं. काहींच्या हातातच नसतं."

"खरंय," सुलक्षणा म्हणाली. "काकूंचा हात तो काकूंचाच."

आणि क्षणभर, फक्त एक क्षण, सुनंदाबाईंना बरं वाटलं. मग त्यांना रोशनी दिसली. ती रडत नव्हती. डबा खाली ठेवून ती आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघत होती.

"सांगा ना," कामिनी ओट्याशी उभीच होती. "पाहिलंत का नाही?"

"पाहिलं."

"मग ग्रुपवर टाकते मी. सगळ्या पालकांना कळू दे, कूट तासभर उन्हात ठेवायचं होतं."

बाईंनी तिच्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं. सुलक्षणा वाचेल. तिला शेवभाजी आठवेल. कॉलनीतल्या पंधरा-वीस स्वयंपाकघरांत पंधरा-वीस जणींना एकेक काहीतरी आठवेल. त्या हळूच म्हणाल्या, "सांगायचं राहून गेलं, असं टाक."

कामिनीनं त्यांच्याकडं बघितलं. तसंच टाकलं.

बाईंनी फडकं परातीवर घट्ट बांधलं आणि चपला घातल्या. "आई, डोक्यावर पदर तरी घ्या, चव्वेचाळीस आहे आज," मागून कामिनी म्हणाली. बाईंनी पदर घेतला. गल्लीत माणूस नव्हता. निंबाखालच्या रिक्षेत कुणीतरी झोपलं होतं. आपल्याला कुणी बघत नाही याचं त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

रोशनीच्या खोलीचं दार उघडं होतं. पत्रा तापू नये म्हणून वर पोती टाकून पाणी मारलेलं. ती एकटीच होती.

"आजी! या ना, बसा. पंखा लावते. मनी माय मिलमा गयी शे." मग जीभ चावून, "आई कामाला गेलीये."

"माहितीये मला. तुझ्याकडंच आले."

कालचा डबा घासून फळीवर पालथा घातलेला होता. बाईंची नजर तिथं गेली तसं रोशनीनंच सांगितलं, "तो भुगा मायनं दुधात टाकून खाल्ला. म्हणाली, चांगला लागतोय. पण आता नको करू म्हणाली, दाणे वाया जातात. मी पण नाहीच करणार. माझ्या हातात नाहीये ना."

कशी सहज म्हणाली! जसं आपलं घर गल्लीच्या टोकाला आहे म्हणावं, तसं.

बाईंनी परातीवरचं फडकं सोडलं. "हात घाल."

"नको आजी."

"घाल म्हणते ना."

रोशनीनं हात घातला. "गरम आहे." तिनं मूठ भरली, दाबली, उघडली. तळहातावर लाडू. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग आजींकडं, मग पुन्हा लाडवाकडं. दुसरा वळला. तिसरा. चौथा तिनं मुद्दाम जमिनीपासून वीतभर उंचीवरून सोडला, तो टप्पकन पडला आणि तसाच राहिला. पोरगी खदखदून हसली.

"हा तर फुटतच नाही! काय टाकलं तुम्ही यात?"

"काही नाही. कालवून तासभर उन्हात ठेवलं."

"एवढंच?"

"एवढंच. त्या दिवशी तुला सांगायचं..." बाईंनी पदरानं मान पुसली. "राहून गेलं गं. विसरले."

"होतं आजी," रोशनी एखाद्या पोक्त बाईसारखी म्हणाली. "मायपण भाजीत मीठ विसरते कधीकधी. म्हणजे माझा हात चांगला आहे?"

"चांगला आहे."

"थांबा, लिहून घेते." तिनं हात फ्रॉकला पुसले, दप्तरातून वही काढली, पानं उलटली. "तासभर म्हणजे साठ मिनिटं ना? बरोबर साठ?"

"बरोबर साठ."

लाडवांचं पान आलं. बाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांना चष्म्याशिवायही दिसलं. दाणे दोन वाट्या, गूळ एक वाटी, आणि त्याखाली, चौकटीत: कोमट लागतं. का? उन्हाळा आहे म्हणून. आजी.

पेन्सिल तिथं थांबली. पंखा खडखडत होता. रोशनीनं ती ओळ वाचली, बोट ठेवून पुन्हा वाचली. वर बघितलं नाही. कंपासपेटीत ती खोडरबर शोधायला लागली.

"हे चुकीचं लिहिलं मी. खोडू का?"

हो म्हटलं असतं की झालं असतं. पोरीनं स्वतःच चूक पदरात घेतली होती. बाईंनी घरी जाऊन जेवून झोपायचं, संध्याकाळी ग्रुपवर बायकांचे हात जोडलेले इमोजी आले असते. सुनंदाबाईंना धाब्यावरचं ते फडकं दिसलं, आणि त्यापुढं बसलेली तीस वर्षांची सुनंदा. तिला कुणीच काही सांगायला आलं नव्हतं.

"नको खोडू. तू बरोबर लिहिलंस. मी खोटं सांगितलं होतं."

रोशनीचा हात कंपासपेटीतच राहिला.

"विसरले नव्हते मी. परात गच्चीवरून मीच आणली होती, मागच्या जिन्यानं. तू विचारलंस तेव्हा ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं."

"का?"

"सगळ्यांना आले असते तर... मग माझे लाडू ते काय राहिले असते?" बोलता बोलता बाईंना आपलंच बोलणं ऐकू आलं. साठीला आलेली बाई, आणि अकरा वर्षांच्या पोरीपासून गूळ-दाणे लपवते. कान तापले त्यांचे. "मलाही माझ्या सासूनं असंच... पण ते जाऊ दे. ते काही सांगायचं कारण नाही."

रोशनीनं परातीची कड बोटानं चाचपली. मग तिनं विचारलं, अगदी हळू, जशी चिमटीचं विचारायची तसं:

"काल मंडपात तुम्ही म्हणालात, काहींच्या हातातच नसतं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं, माझा भुगा का झाला ते?"

"हो."

"म्हणताना?"

"म्हणताना माहीत होतं."

रोशनीनं वही मिटली. दप्तरात ठेवली. वळलेले लाडू एकेक करून उचलले आणि परातीत परत ठेवले, जमिनीवर पडलेला तेवढा बाजूला काढला. परात आजींच्या बाजूला सरकवली.

"ठेव गं, तुझ्यासाठीच आणलेत. तू वळलेत ते."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "नळ आले! नळ आले!" गल्लीत भांड्यांचे आवाज सुरू झाले. चौथ्या दिवसाचं पाणी. रोशनी उठली, दारामागचा हंडा तिनं कडेवर घेतला, कळशी हातात धरली.

"रोशनी," सुनंदाबाई म्हणाल्या. उठायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत मी वर्ग चालू ठेवते. सगळ्यांसमोर सांगते मी हे, जसं तुला सांगितलं तसं. तू येशील ना रविवारी?"

रोशनी उंबऱ्यात क्षणभर थांबली. कळशी या हातातून त्या हातात घेतली. मग चपला न घालता तशीच तापलेल्या गल्लीत उतरली आणि नळाकडं चालू लागली.